अर्धा कोयता

भामाला कळा सुरू झाल्या त्या दिवशी ज्ञानूच्या कोयत्याची भर फडात फजिती झाली.

फड कराडच्या खाली, कृष्णेकाठच्या काळ्या रानात होता. ऊस दीड पुरुष उंच. जतकडची टोळी उजाडायच्या आधीच त्यात घुसली होती. जतकडच्या माणसाला एवढं हिरवं रान बघून पहिले चार दिवस राग येतो, मग सवय होते. गावाकडं पावसाच्या भरवशावर जोंधळा टाकायचा, तो आला तर आला, आणि दिवाळी सरली की तवा-परात गाठोड्यात बांधून ह्या मुलखात ऊस तोडायला उतरायचं, ही तिथली रीतच पडून गेलेली.

टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. नवऱ्यानं बुडात घाव घालायचा, ऊस आडवा करायचा. बायकोनं त्याचा पाला सोलायचा, वाढ्याला, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याला, पीळ देऊन मोळी आवळायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायचं. हिशेब मात्र गड्याच्या नावानं. 'माझा कोयता एवढा चालला' असं गडी चारचौघांत मिशीवरनं हात फिरवत सांगतो, आणि ते ऐकायला बायको तिथं नसते, कारण ती चुलीला लागलेली असते.

दुपार व्हायला आली होती. शेजारच्या सरीतनं भामाच्या नवऱ्याची, गुंडाची हाक आली.

"अंजनावैनी! पळा! भामी बसली खाली!"

ज्ञानूच्या बायकोनं, अंजनानं हातातली मोळी तशीच टाकली, पदर खोचला आणि उसातनं वाट काढत गेली. ज्ञानूनं आपलं तोडणं चालूच ठेवलं. तोडण्यात त्याचा हात टोळीत कुणी धरत नसे. सपासप ऊस पडत होता. थोड्या वेळानं त्यानं मागं वळून बघितलं, तर त्याच्या मागं नुसता पाल्यासकट पसरलेला ऊस. सोललेला नाही, बांधलेला नाही. आणि रानाच्या तोंडाला ट्रक येऊन भोंगा वाजवत होता.

मग तो सोलायला बसला. पाल्याच्या धारेनं बोटं चिरली. वाढ्याला पीळ द्यायला गेला तर गाठ सुटून मोळी पायावर पडली. अंजना ही गाठ बोलता बोलता, दुसरीकडं बघत मारायची. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण ती कशी मारते हे ज्ञानूनं कधी नीट बघितलंच नव्हतं. ट्रक त्याच्या वाट्याच्या उसावाचून, अर्धा मोकळाच उभा राहिला.

नाथाजी मुकादम छत्री काखेत मारून आला. माणूस त्यांच्याच गावचा, पण फडावर आला की त्याला गाववाले दिसत नसत, फक्त भरलेला आणि न भरलेला ट्रक दिसे.

"काय रं हे? ड्रायवर माज्या नावानं बोंबलतोय!"

"अंजना भामाकडं गेलीया मुकादम. मी हाय की एकटा."

"एकटा हायस तर काय चाटू तुला? बायकू न्हाई तर कसला कोयता तुजा!"

सगळ्या टोळीनं ते ऐकलं. ज्ञानू खाली मान घालून पाला ओढत राहिला.

तिकडं पाटाच्या कडेला, चार बायकांनी धरलेल्या लुगड्याच्या आडोशाला भामाला मुलगा झाला. जवळच्या गावातली गुणमाला नर्सबाई निरोप मिळताच सायकल दामटत आली, तोवर अंजनानं पाणी उकळून ठेवलं होतं, आणि नाळेला शेण लावायला निघालेल्या एका म्हातारीचा हात धरून तिला दूर बसवलं होतं. नर्सबाईनं नाळ कापली, बाळ पुसलं, आणि हात धुता धुता अंजनाकडं बघून विचारलं,

"तुला कुणी शिकवलं गं हे?"

"गावाकडं नर्सबाई यायच्या, त्यांचं बगितलं. माजं वडील शाळंत शिपाई हुतं. सातवी पास हाय मी."

"सातवी? आणि उसात काय करतेस?"

अंजना नुसती हसली. मग गुणमालाबाईनं तिथंच, हात पदराला पुसत सांगितलं, की सांगलीला नर्सचा दोन वर्षांचा कोर्स असतो, सातवी झालेली बाई चालते, लग्न झालेलीही चालते. राहण्या-जेवणाचे पैसे भरावे लागतात, पण नवऱ्याचं वर्षाचं उत्पन्न बाराशेच्या आत असलं तर सरकार ते माफ करतं. तलाठ्याचा दाखला, त्यावर तहसीलचा शिक्का, आणि जूनच्या आत अर्ज.

संध्याकाळी उसाच्या पाल्यानं शाकारलेल्या कोपीपुढं भाकरी थापताना अंजनानं ज्ञानूला हे सगळं सांगितलं. सांगताना तिची भाकरी तव्यावर करपली. तिची भाकरी करपलेली ज्ञानूनं आजवर पाहिली नव्हती. त्यानं करपलेली आपल्या ताटात ओढून घेतली.

"जा की," तो जेवण झाल्यावर म्हणाला. "दोन वर्सं काय, जात्याल अशी."

वैशाखात टोळी गावाला परतली. माळेवाडी जतच्याही पलीकडं, कानडी मुलखाला टेकलेली. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि आठवड्यातनं दोनदा टँकर येत होता. ज्ञानूची आई अंबूबाई घागर घेऊन टँकरच्या रांगेत बसायची आणि तिथनंच सुनेच्या शिक्षणावर बोलायची.

"ती जाऊ दे सांगलीला. पर तुजं काय रं? अर्द्या कोयत्याला कोण इचारतंय?"

"बगू की आये."

"कवा बगणार? मुकादमाकडनं आगाऊ उचल घ्यायची येळ आल्यावर?"

आईचं खोटं नव्हतं. ज्ञानूच्या चुलत्याला जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून चुलती दगडाबाई अंगानं धडधाकट असून घरी बसून होती. नवरा गेला, कोयता मोडला, आणि टोळी तिला सोडून जाऊ लागली. लोकांच्या रानात खुरपायला जायची नि मिळेल ते खायची.

बाजारादिवशी तलाठी आला. बाळगोंडा पाटील त्याचं नाव, सांगलीकडचा जैन माणूस, सावकाश बोलणारा, पांढरी टोपी आणि शाईचं पेन. चावडीत नेहमीची माणसं बसली होती. खांबाला टेकून नाथाजी मुकादम, त्याच्या शेजारी फौजेतनं पेन्शनीवर आलेले मानसिंग सुभेदार, दाराशी गुंडा. अंजना बायकांच्या रिवाजाप्रमाणे बाहेर पायरीखाली उभी राहिली.

ज्ञानूनं दाखला मागितला, कशाला ते सांगितलं. चावडीत कुजबुज झाली. नाथाजीनं पानाची पिंक टाकली.

"बायकूला नर्स करतोय व्हय! मंजी आता बसून खायाचं ठरलं की गड्या तुजं. बायकू मिळवंल, तू पलंगावर!"

माणसं हसली. गुंडाही हसला.

"किती मिळवतोस वर्षाला?" तलाठ्यानं विचारलं.

बाराशेची गोष्ट ज्ञानूला पाठ होती. येताना वाटेत अंजनानं पुन्हा बजावलंही होतं. पण कानात हसू घुमत असताना माणसाला पाठ केलेलं आठवतंय थोडंच! त्याची मान आपोआप ताठ झाली.

"कोयता हाय माजा, भाऊसाहेब. टोळीत पैला. सोळाशे पाडतो मी."

त्यातले चौदाशे खरे होते, वरचे दोनशे मिशीचे. तलाठ्यानं लिहिलं, पंच म्हणून नाथाजीनं आणि सुभेदारांनी सही केली, गुंडानं अंगठा उठवला, आणि दाखला ज्ञानूच्या हातात आला. तो तसाच ताठ मानेनं पायऱ्या उतरला.

अंजनानं कागद घेतला. तिला वाचता येत होतं, ज्ञानूला येत नव्हतं. वाचता वाचता तिचे ओठ हलायचे थांबले. तिनं कागदाची घडी घातली, कमरेला खोचली आणि नवऱ्याकडं बघितलं.

"एवडा ऊस तुमी एकट्यानं तोडलासा व्हय?"

एवढंच बोलली आणि घराच्या वाटेला लागली. तेव्हा कुठं बाराशेची अट आठवून ज्ञानूच्या डोक्यात उजेड पडला. तो चावडीत परत धावला, पण तलाठी दप्तर बांधत होता.

"लिहिलेलं खोडता येत नाही बाबा," बाळगोंडा म्हणाला. "चूक असेल तर नवा जबाब द्यावा लागेल. ह्याच पंचांसमोर. पुढच्या खेपेला येतो तेव्हा बघ."

ह्याच पंचांसमोर! ज्ञानूला ते शब्द घरापर्यंत टोचत राहिले. नाथाजीसमोर उभं राहून म्हणायचं, की मी बढाई मारली. त्यापेक्षा माळावरचे दगड फोडलेले बरे.

आणि दुसऱ्या दिवसापासून तो खरोखरच तेच करू लागला. गावाच्या वरच्या अंगाला सरकारी बांधबंदिस्तीचं काम निघालं होतं. ज्ञानू कुदळीनं मुरूम खणायचा, अंजना पाटी भरून बांधावर टाकायची. ऊन असं, की कुदळीचा दांडा हाताला चटके देई. अंजना रुसली असती, भांडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती पूर्वीसारखीच होती. त्याला आधी पाणी द्यायची, भाकरीवर ठेचा जास्त वाढायची, आणि सांगलीचं नावही काढायची नाही. तिनं ती गोष्ट मनातनं काढून टाकली होती, आणि हेच त्याच्या काळजाला डागण्या देत होतं. एकदा पाटी उचलताना तिचा हात त्याच्या डोळ्यांपुढं आला. तळव्याला जुने, उसाच्या पाल्याचे काळे पडलेले चरे होते. त्या एका दुपारी त्याच्या बोटांना पडलेले चार चरे त्यानं आठवडाभर मिरवले होते. हिला तर पाच हंगाम झाले होते.

पगाराच्या दिवशी कारकुनानं हजेरीपट उघडला.

"ज्ञानू सावंत!"

ज्ञानूनं अंगठा दिला, पैसे घेतले.

"अंजना ज्ञानू सावंत!"

अंजना पुढं झाली. तिनं सही केली, आपले पैसे आपल्या हातात घेतले आणि पदराच्या गाठीला बांधले. सगळ्याच बायका तसं करत होत्या. ह्यात कुणाला काही नवल वाटलं नाही. ज्ञानू मात्र कुदळ खांद्यावर घेऊन तिथंच उभा राहिला.

"आवं चला की," अंजना म्हणाली. "काय बगतासा?"

"अंजना, हितं आपण दोगं."

"मग? दोगंच हाय की आपण."

"आणि उसात एकच. हितं मुरूम खणला तर दोगांची नावं, आणि तितं ऊस तोडला तर माजं एकट्याचं. आसं कसं गं?"

अंजनानं डोक्यावरची मोकळी पाटी खाली घेतली. तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं.

"ते मला नगा इचारू," ती म्हणाली. "चावडीत जाऊन सांगा."

पुढच्या बाजारादिवशी तो चावडीत गेला. धोतर धुतलेलं, पाय मात्र मुरमानं लाल. आत शिरल्यावर जमीन गार लागली, आणि त्याला वाटलं, फिरावं मागं. पण बाहेर पायरीखाली अंजना उभी होती. तिच्याजवळ जोंधळ्याची पाटी घेऊन दगडाबाई टेकली होती. त्या दोघींवरनं परत जायचं म्हणजे आत राहण्यापेक्षा अवघड होतं.

"भाऊसाहेब," तो म्हणाला. "माजा दाखला चुकलाय. मी बडाई मारली. सोळाशे न्हाई, चौदाशे. आणि त्यातलं निम्मं माजं न्हाई."

"मग कुणाचं?"

"हिचं. माज्या बायकूचं."

चावडी अशी हसली, की दाराशी बांधलेलं शेरडू दचकून उठलं.

"निम्मं बायकूचं!" नाथाजी मांडीवर थाप मारून म्हणाला. "मग मिशी बी निम्मी भादरून टाक की रं!"

"अर्दा ज्ञानू!" मागनं कुणीतरी ओरडलं.

ज्ञानूच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कपाळावरनं घाम नाकाच्या शेंड्यावर आला, पण त्यानं तो पुसला नाही. हात हलवला असता तर पायही हलले असते.

"हसा," तो म्हणाला. "पर लिवा भाऊसाहेब. मी तोडतो, ही सोलती, बांदती, ट्रकात चडवती. निम्मं तिचंच हाय."

तलाठ्यानं पेनाचं टोपण काढलं नाही. तो नाथाजीकडं वळला.

"मुकादम, तुम्ही टोळी चालवता. तुम्ही सांगा. कोयता कुणाचा?"

नाथाजीचं हसू जरा आटलं. गड्याच्या हातावर पैसे टेकवून मोकळं व्हायची सवय झालेल्या माणसाला, उद्या बायकांशीही हिशेब करायचा म्हटल्यावर अंगावर काटा येणारच.

"कोयता ज्ञानूचा. एकट्याचा," तो ठासून म्हणाला. "उचल ह्यो घेतो, हिशेब ह्यो घेतो. बायकू काय, मदतीला आसती घरच्यावानी."

"माजा एकट्याचा?" ज्ञानूनं विचारलं.

"व्हय. तुजाच."

"बरं झालं मग मुकादम. ही सांगलीला जाणार. येत्या दिवाळीला तुमी मला एकट्याला टोळीत घ्या. माजा कोयता हाय न्हवं? सगळी उचल द्या, सगळा दर द्या."

"खुळा हाईस का रं तू?" नाथाजी उसळला. "एकट्याला घिऊन काय करू? मोळी कोण बांदणार, तुजा बा? बायकूबिगर कोयता हुतोय व्हय कुठं! अर्दा कोयता मी घेत न्हाई, हे सगळ्या तालुक्याला ठावं हाय!"

तो बोलून गेला आणि मग त्याला ऐकू आलं आपण काय बोललो ते. चावडीत कुणी हसलं नाही. मानसिंग सुभेदारांनी खाकरून घसा साफ केला. बाळगोंडा तलाठ्यानं शांतपणे पेनाचं टोपण काढून दुसऱ्या टोकाला बसवलं.

"हे तुम्ही म्हणालात मुकादम, मी नाही. लिहू?"

नाथाजी पानाचा डबा शोधू लागला. डबा त्याच्या मांडीजवळच होता.

तेवढ्यात दाराशी गुंडा उठला. पहिल्या दाखल्याच्या दिवशीही तोच दाराशी होता, आणि आताही आधी तोच हसला होता. आता त्याचं तोंड उतरलं होतं. त्या दुपारी पाटाच्या कडेला अंजना नसती तर काय झालं असतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"लिवा भाऊसाहेब," तो म्हणाला. "खरं हाय त्ये. पैला आंगटा माजा घ्या."

त्याच्यामागं सुभेदार म्हणाले, "लिहा. मी सही करतो. पलटणीत जोडीनं तोफ ओढली, तर पदक एकाला देत नव्हते."

तिसरी सही राहिली. नाथाजीनं मान वर केली.

"मी करीन सही. पर ज्ञानू, दिवाळीला माज्या दारात यू नगंस. अर्दा कोयता तो अर्दाच."

हे मात्र खरंखुरं होतं, आणि ते ज्ञानूच्या वर्मी लागलं. सांगलीचं दार उघडलं, पण टोळीचं मिटलं. तो काही बोलणार, एवढ्यात बाहेरनं पाटी आपटल्याचा आवाज आला. दगडाबाई पायऱ्या चढून वर आली होती. चावडीच्या दारात बाई उभी राहिलेली त्या गावानं पहिल्यांदाच बघितली असेल. पदर डोक्यावर, आवाज कानडी मुलखातल्या बायांचा, खणखणीत.

"अय्यो नाथाजी, मी बी अर्दीच हाय की! दोन वर्सं बसवून ठेवलंस मला. ह्यो माजा पुतण्या. ह्यो अर्दा, मी अर्दी. झाला का न्हाई पुरा कोयता? आता घेत न्हाई म्हण!"

ह्या खेपेला चावडी हसली ती नाथाजीला. आणि नाथाजी काही दगड नव्हता. थोडा वेळ त्यानं दम धरला, मग त्याच्याही तोंडातनं हसू फुटलं, आणि पानाचा लाल तोबरा सावरत त्यानं सही ठोकली.

ज्ञानू कागद घेऊन बाहेर आला. अंजनानं तो वाचला. पतीचे उत्पन्न सातशे रुपये, असं तलाठ्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. तिनं पुन्हा वाचलं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं भर रस्त्यात, कुणाला न लाजता पदरानं पुसलं.

"चांगलं लिवलंय का?" ज्ञानूनं विचारलं.

"लय चांगलं," ती म्हणाली.

जतला तहसिलीत शिक्का मारायला एक दिवस मोडला. शिक्का बसला तेव्हा अर्जाची मुदत सरायला फार दिवस उरले नव्हते, पण बसला. आषाढात अंजना सांगलीच्या गाडीत चढली. लग्नातली पत्र्याची ट्रंक ज्ञानूनं टपावर चढवून बांधली, आणि ती सुटणार नाही ना म्हणून पुन्हा एकदा वर चढून गाठ बघितली. गाडी निघाल्यावर त्याला रडू आलं. त्याला त्याची लाजही वाटली नाही. अंबूबाईनं पदरातले दोन शेंगदाण्याचे लाडू खिडकीतनं आत दिले आणि सुनेला म्हणाली, "माजं गुडगं बघायला शिकून ये. पोरं काय, हुत्यातच."

दिवाळीनंतर टोळी कराडकडं उतरली. ज्ञानूला सगळे अर्धा ज्ञानू म्हणत होते. सुरुवातीला तो चिडायचा, मग ओ द्यायला लागला. दगडाबाई मात्र पुरी होती. दोन वर्षं अंगात साठलेला जोर तिनं उसावर काढला. तिच्या मोळीची गाठ अंजनापेक्षाही घट्ट बसे. ज्ञानूला ती गाठ तिनं शिकवली, आणि उलटा घाव घालायचं त्याच्याकडनं शिकली. थकले की एकमेकांची कामं बदलून घेत. फळीवरनं मोळी घेऊन चढताना ज्ञानूच्या मानेला जे कळायचं, ते त्याला आधी कधी कळलं नव्हतं.

गुणमालाबाई मधून मधून सायकलवरनं यायच्या, आणि अंजनाची खबर द्यायच्या. ती रात्रपाळी करते, सुई टोचताना तिचा हात कापत नाही, मोठ्या नर्सबाई तिचं नाव घेतात. ज्ञानू ते ऐकून घ्यायचा, आणि मग सबंध दिवस सरीला सरी लावत जायचा.

चैत्रात पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला. शेवटच्या दिवशी बाभळीखाली सतरंजी टाकून नाथाजी हिशेबाला बसला. गडी पुढं, बायका मागं, सामान बांधत. त्याच दिवशी दुपारच्या एस्टीनं अंजना आली. चार दिवसांची रजा मिळाली होती. पांढरं लुगडं, पायांत काळ्या चपला. कोपीच्या वाटेवर ती दिसली तशी भामा आपलं वर्षाचं पोर कडेवर घेऊन धावत गेली आणि ते तिच्या हातात ठेवलं. पोरानं तिचा पांढरा पदर तोंडात घातला.

"ज्ञानू सावंत!" नाथाजीनं हाक मारली, आणि नोटा मोजून त्याच्यापुढं धरल्या.

ज्ञानूनं हात पुढं केला नाही. त्याच्या काखेखालनं दगडाबाईचा हात आला, तळवा उघडा, चरे पडलेला.

"निम्मं हिकडं," ती म्हणाली.

"घरी जाऊन घ्या की वाटून," नाथाजी वैतागला. "घरातलं घरात!"

"घरात न्हाई. तूच म्हनलास चावडीत, अर्दा कोयता. मी अर्दी हाय. माजं माज्या हातात."

नाथाजीनं ज्ञानूकडं बघितलं. ज्ञानूनं मान डोलावली. नाथाजीनं पुटपुटत नोटा दोन जागी केल्या आणि तिच्या हातावर तिच्या ठेवल्या. दगडाबाईनं त्या कपाळाला लावल्या. नवरा होता तेव्हा पैसे त्याच्या हातात पडायचे. आपल्या घामाचे पैसे तिनं उसाच्या फडात पहिल्यांदाच धरले होते.

"पुढचा!" नाथाजी म्हणाला. "गुंडा!"

गुंडा पुढं झाला, आणि त्याच्याबरोबर भामा. तिनं आपला हात पुढं केला. तिच्या मागं आणखी दोघी उठल्या. सामान बांधायचं सोडून एकेक बाई आपल्या गड्याशेजारी येऊन उभी राहायला लागली. काही गडी कुरकुरले. एकानं बायकोला डोळे दाखवले, पण तीही बाजूला झाली नाही. नाथाजीनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"ज्ञान्या, तू लय घोटाळा करून ठेवलास बाबा," तो म्हणाला, आणि नोटा मांडीवर दोन-दोन वाटण्यांनी लावू लागला.

रस्त्याला दुसरी टोळी गावाकडं निघाली होती. त्यातला एक गडी पाण्यासाठी ह्यांच्या कोपीशी थांबला. त्यानं तांब्या तोंडाला लावला, प्यायला, आणि पाहुणचाराचं म्हणून ज्ञानूला विचारलं,

"काय पावनं, औंदा किती पाडलंसा?"

ज्ञानूनं मान वळवून बघितलं. बाभळीखाली अंजना भामाचं पोर मांडीवर घेऊन त्याच्या दंडावर लस टोचल्याचा वण आहे का ते तपासत होती. हा प्रश्न तिनंही ऐकला होता, आणि ती वर बघत होती. ज्ञानूची मान ताठ झाली, चावडीत झाली होती तशीच. त्यानं मिशीवरनं हात फिरवला आणि सगळ्या बाभळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"अर्दा कोयता हाय माजा. टोळीत पैला!"